बी.ए.चा पहिला प्रकल्प: बेळगावच्या गल्लीत उतरायचं कसं

दरवर्षी शेवटच्या वर्षाची मुलं प्रकल्पाचा विषय लिहून आणतात आणि निम्म्याहून अधिक कागदांवर एकच शब्द असतो: सीमाप्रश्न. 'सीमाप्रश्न: एक अभ्यास', 'सीमाप्रश्न: काल, आज आणि उद्या'. मी कागद परत देतो. मुलं नाराज होतात. 'सर, आमच्या आजोबांपासून हे चाललंय,' म्हणतात, आणि ते खरंच असतं. पण 1 नोव्हेंबर 1956 ची राज्यपुनर्रचना, 1966 साली नेमलेला महाजन आयोग, त्याचा पुढच्या वर्षीचा अहवाल, महाराष्ट्राने 865 गावांवर सांगितलेला हक्क, 2004 साली सर्वोच्च न्यायालयात दाखल झालेला दावा, हे सगळं चार महिन्यांत आणि चाळीस पानांत कसं मावणार? मावत नाही. मग कात्रणांची गोधडी शिवली जाते, तिला प्रस्तावना आणि निष्कर्षाची झालर लावली जाते आणि ती विभागाच्या कपाटात जाऊन पडते.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी, हुक्केरी अशा भागांतून इतिहास, समाजशास्त्र, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र किंवा भाषा-साहित्य शिकणाऱ्या आणि आधी कधीच संशोधन न केलेल्या मुलामुलींसाठी हे लिहितोय. कर्नाटकात 2024-25 पासून पदवी पुन्हा तीन वर्षांची झाली, त्यामुळे प्रकल्प कुणाला सक्तीचा आहे, कुणाला ऐच्छिक, कुणाला नाहीच. आपल्या विषयाचा अभ्यासक्रम एकदा नीट वाचून घ्या. त्यात प्रकल्प नसेल तर एखाद्या शिक्षकांना गाठा आणि स्वतःहून करा. गुण मिळणार नाहीत, पण एम.ए.च्या प्रवेशावेळी हातात काहीतरी असेल.

आधी प्रश्न लहान करा

विषय आणि प्रश्न यांत फरक आहे. 'निपाणीचे विडी कामगार' हा विषय झाला. 'घरी विड्या वळणाऱ्या बाईला नापास म्हणून परत आलेल्या विड्यांचा हिशेब कोण ठेवतं, ती की मुकादम?' हा प्रश्न झाला. पहिल्याचं उत्तर कुठून सुरू करायचं तेच कळत नाही. दुसऱ्याचं उत्तर मिळवायला कुणाच्या दारात जायचं ते लगेच कळतं.

प्रश्नाला मी तीन कसोट्या लावतो. एक, उत्तर देऊ शकणारी माणसं किंवा कागद तुमच्या घरापासून एका बसच्या अंतरावर आहेत का? दोन, उत्तर तुम्हाला आधीच ठाऊक आहे का? असेल तर सोडून द्या, तुम्ही फक्त पुरावे गोळा करत बसाल. तीन, उत्तर तुमच्या मनाविरुद्ध आलं तर ते लिहायची तुमची तयारी आहे का? आपल्या भागात तिसरी कसोटी सगळ्यांत जड जाते.

या कसोट्यांवर टिकणारे काही प्रश्न सांगतो, उचलायला हरकत नाही. कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, कारदगा अशा गावांत मराठी साहित्य संमेलनं भरतात. त्यांच्या निमंत्रणपत्रिका आणि स्मरणिका कुणाकुणाच्या माळ्यावर पडलेल्या आहेत. मागच्या वीस वर्षांत व्यासपीठावर गावातली माणसं किती आणि पुण्या-कोल्हापूरची किती? जाहिराती कुणी दिल्या? 1946 च्या बेळगावच्या संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला हे सगळ्यांना पाठ असतं, पण गावच्या संमेलनाचा मांडव कुणाच्या वर्गणीतून उभा राहतो हे कुणी लिहून ठेवलेलं मी पाहिलं नाही.

वडगाव-खासबागच्या मागवाल्यांच्या घरात मुलगा मागावर बसत नसेल तर तो करतो काय? खानापूरच्या कौलांच्या कारखान्यात काम केलेले म्हातारे कामगार मातीची परीक्षा कशी करायचे? 1981 च्या निपाणीच्या तंबाखू आंदोलनात महामार्गावर जाऊन बसलेल्यांत तुमच्या गावच्या बायका होत्या का, आणि घर कुणावर टाकून आल्या होत्या? हा शेवटचा प्रश्न कुणाला घ्यायचा असेल तर याच वर्षी घ्या. तेव्हा पंचविशीत असलेली बाई आज सत्तरीच्या आसपास आहे.

आणि सीमाप्रश्नच हवा असेल तर त्यालाही दार आहे. 1 नोव्हेंबरला एकाच शहरात कर्नाटकाच्या स्थापनेच्या राज्योत्सवाची मिरवणूक निघते आणि मराठी भाषकांकडून काळा दिवसही पाळला जातो. त्या दिवशी तुमच्या गल्लीतली दुकानं कोण उघडतं, कोण अर्धं शटर ठेवतं, का? एवढ्याशा प्रश्नात अख्खा सीमाप्रश्न येतो.

मग वाचा, पण चार नावांनी शोधा

बेळगाव शहराचं सरकारी नाव 1 नोव्हेंबर 2014 रोजी बदललं. त्याआधीचं इंग्रजी साहित्य 'बेलगाम' या स्पेलिंगखाली आहे, नंतरचं 'बेळगावी'खाली. मराठीत 'बेळगाव' आणि 'बेळगांव' अशी दोन्ही रूपं सापडतात. कन्नड लिपीत टाइप करून शोधलं तर आणखी वेगळंच घबाड हाती लागतं. एकाच नावाने शोधून 'या विषयावर काहीच लिहिलं गेलं नाही' असं वाक्य लिहिणारी मुलं मी दरवर्षी बघतो.

सुरुवात 'शोधगंगा'वर करा. तिथे देशभरातले पीएच.डी.चे प्रबंध फुकट वाचता येतात. धारवाडचं कर्नाटक विद्यापीठ, कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ आणि राणी चन्नम्मा विद्यापीठ या तिघांचे प्रबंध चाळा. अख्खा प्रबंध वाचू नका. संदर्भसूची वाचा, तीच तुमची यादी.

बेळगाव जिल्हा मुंबई इलाख्यात होता, म्हणून मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा 1884 चा एकविसावा खंड आपला आहे. तो इंटरनेटवर मिळतो. पिकं, बाजार, जत्रा, रस्ते यांसाठी तो सोन्याची खाण आहे. जातींबद्दल त्यात जे लिहिलंय ते मात्र साहेबाच्या आणि त्याला माहिती पुरवणाऱ्याच्या डोळ्यांनी लिहिलेलं आहे, ते तसंच उतरवून आपल्या तोंडी घेऊ नका. शहरातलं सार्वजनिक वाचनालय दीडशे वर्षांहून जुनं आहे. तिथल्या ग्रंथपालांना नुसतं 'पुस्तक हवंय' म्हणू नका, आपला प्रश्न सांगा. माणूस प्रश्नाला खुलतो.

भाषेचे आकडे हवे असतील तर 2011 च्या जनगणनेचा मातृभाषेचा तक्ता घ्या, सी-16 या क्रमांकाचा. पण त्यात प्रत्येक माणसाच्या नावापुढे एकच मातृभाषा असते. आई कन्नड, बाप मराठी, शाळा इंग्रजी अशा घरातल्या मुलाचं काय झालं हे तक्ता सांगत नाही. ते सांगायलाच तुम्ही आहात. मराठी शाळांवर काम करणार असाल तर यू-डायस या शाळांच्या सरकारी नोंदींच्या संकेतस्थळावर शाळानिहाय माध्यम आणि पटसंख्या बघा.

सरकारी कार्यालयातला आकडा हवा असेल तर माहिती अधिकारात अर्ज करा. एक गोष्ट आपल्या मुलांना उशिरा कळते: 2005 च्या त्या कायद्यानुसार अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत करायचा असतो. म्हणजे इथे कन्नड. मराठीत केलेला अर्ज परत येऊ शकतो. कर्नाटकाच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि साधारण 150 शब्दांची मर्यादा आहे, शुल्क 10 रुपये. उत्तराला 30 दिवसांची मुदत असते, म्हणून अर्ज पहिल्या आठवड्यातच टाका.

जोडीदार शोधा

ज्यांचं कन्नड दुकानापुरतं आहे त्यांनी वर्गातला कन्नड मित्र किंवा मैत्रीण सोबत घ्यावी. भाषांतरापुरतं नाही, अर्ध्या प्रकल्पाची भागीदार म्हणून. आज जमिनीचा उतारा, पहाणी, ग्रामपंचायतीचे ठराव कन्नडमध्ये असतात, जुने कागद मराठीत आणि त्याहून जुने मोडी लिपीत. मोबाइल समोर धरून भाषांतर करणारं ॲप जमिनीच्या कागदावर चालवलं की मजा येते. सर्व्हे नंबर बरोबर येतो, माणसाची जमीन दुसऱ्याच्याच नावावर जाते.

जोडीचा दुसरा फायदा अधिक मोठा आहे. मराठी मुलीला जे उत्तर मिळतं ते कन्नड मुलीला मिळत नाही, आणि उलटही. दोघींनी एकाच बाईला आठ दिवसांच्या अंतराने तोच प्रश्न विचारला आणि वेगळी उत्तरं आली तर घाबरू नका, तो फरकच प्रबंधातलं सगळ्यांत चांगलं प्रकरण होऊ शकतो.

गल्लीत उतरताना: पाट्यांचं उदाहरण

एक उदाहरण शेवटपर्यंत करून बघू. 2024 साली कर्नाटकाने पाट्यांवर 60 टक्के कन्नड सक्तीचं करणारी कायद्यात दुरुस्ती केली. समजा प्रश्न असा घेतला: खडे बाजार ते गणपत गल्लीपर्यंतच्या दुकानांच्या पाट्यांवर मराठी कुठे उरली आहे?

पहिली अडचण दारातच उभी राहते. पाटी म्हणजे काय? वरची मोठी पाटी, शटरवर रंगवलेलं नाव, काचेवरचं स्टिकर, आजोबांच्या काळची आत टांगलेली लाकडी पाटी, वाढदिवसाचा फ्लेक्स. कुठली मोजायची ते आधी लिहून काढा. मग कुठल्या गोष्टी टिपायच्या: भाषा, लिपी, कुठली भाषा वर, कुठलीची अक्षरं मोठी, पाटी रंगवलेली की छापलेली, दुकान कशाचं. कन्नड लिपीत लिहिलेलं मराठी नाव कुठल्या रकान्यात टाकणार? 'श्री लक्ष्मी' ही कुठली भाषा? हे निर्णय चहाच्या टपरीवर भांडून घ्या, पण वहीत लिहून ठेवा, नाहीतर पहिल्या आणि शेवटच्या दिवशीचं मोजमाप जुळणार नाही.

पहिल्या दिवशी फक्त वीस दुकानं करा. दोघांनी वेगवेगळी मोजा, मग वह्या शेजारी ठेवा. जिथे जुळत नाही तिथे व्याख्या ढिली आहे. ती घट्ट करा आणि पुन्हा तीच वीस करा. कंटाळवाणं आहे. पण याशिवाय पुढचे दोनशे आकडे फुकट जातील.

माझ्या विद्यार्थिदशेत मी असाच वही घेऊन एका गल्लीत पाट्या उतरवत होतो. तिसऱ्या दुकानात मालक बाहेर आला, 'पालिकेचे काय?' म्हणाला. मी नाही म्हटलं. 'मग संघटनेचे?' मी पुन्हा नाही म्हटलं. मग त्याने फोन काढला. पंधरा मिनिटांत माझ्याभोवती सहा माणसं होती आणि मी घाबरून वही बंद केली. चूक माझी होती: न विचारता मोजत होतो. पुढच्या आठवड्यात कॉलेजचं पत्र, ओळखपत्र आणि ओळखीतला एक किराणावाला घेऊन गेलो, आधी नमस्कार केला, मग वही काढली. त्याच मालकाने चहा पाजला आणि आत टांगलेल्या जुन्या पाटीची गोष्ट सांगितली. ती गोष्ट मोजणीत कुठेच आली नसती.

म्हणून नियम: फोटो विचारून काढा, दुकानाचं नाव अहवालात देऊ नका. आज अभ्यास म्हणून काढलेला फोटो उद्या कुणी तक्रारीला जोडला तर त्या माणसाचं नुकसान होईल, तुमचं नाही.

माणसांशी बोलताना

मुलाखतीत पहिला प्रश्न तुम्हालाच येतो. 'कुठली गं तू? आडनाव काय?' ही चौकशी पुरी होईपर्यंत तुमचा प्रश्न सुरू होत नाही. त्याला टाळू नका. खरं सांगा. तुमच्या आडनावामुळे समोरची व्यक्ती काय बोलली आणि काय गिळलं याची नोंद त्याच संध्याकाळी करा.

मी पहिल्यांदा निपाणीजवळ विडी कामगार बायकांकडे छापील प्रश्नावली घेऊन गेलो होतो. पहिला प्रश्न होता, 'आपले मासिक उत्पन्न किती?' एका आज्जीने माझ्याकडे बघितलं आणि शेजारणीला म्हणाली, 'हे पोरगं काय लिहून घ्यालाय बघ गं, रेशन कार्ड काढून घेतील.' सगळ्या जणींनी एकच आकडा सांगितला, बहुधा ठरवून. वही मिटवून मी तिथेच बसलो, आणि हजार विड्यांना किती वेळ लागतो, दुपारी पानं भिजवायची कधी, हे विचारलं. तासाभरात उत्पन्नाचा हिशेब आपोआप बाहेर आला. छापील प्रश्नावली घरी ठेवा. आठ-दहा विषयांची चिठ्ठी खिशात पुरे.

भाषेबद्दल विचारायचं असेल तर 'तुमची मातृभाषा कोणती?' हा प्रश्न आपल्याकडे प्रश्न राहिलेला नाही, ती घोषणा झाली आहे. उत्तरही घोषणेसारखंच येतं. कन्नडमध्ये 'मनेमातु' हा छान शब्द आहे, घरातली बोली. त्याच्या आसपास फिरा. पैसे मोजताना आकडे कुठल्या भाषेत येतात? नवऱ्याशी भांडण कुठल्या भाषेत? गुराला कशी हाक मारता? देवापुढे काय पुटपुटता? नातवाला झोपवताना? एकाच बाईच्या तोंडून यांची तीन वेगवेगळी उत्तरं मी ऐकली आहेत.

या वाटेने आधी कुणी गेलं नाही असं समजू नका. सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडवर जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांचा 1971 चा अभ्यास जगभर शिकवला जातो. तिथली मराठी, कन्नड आणि उर्दू शब्दांनी वेगळ्या राहिल्या, पण वाक्याच्या घडणीत एकमेकींच्या इतक्या जवळ आल्या की एकीतलं वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसरीत नेता येतं, असं त्यांनी दाखवलं. ते गाव आपल्यापासून फार लांब नाही. खानापूरच्या पश्चिमेकडे तर कोकणीही या खेळात उतरते, आणि तिथे असं काम करायला खूप जागा आहे.

संमती घेताना इंग्रजी फॉर्म पुढे करून सही मागू नका. आपल्याकडे सही म्हणजे जमीन किंवा कर्ज. तोंडी सांगा: मी कोण, कशासाठी विचारतेय, नाव लिहिणार नाही, मधेच थांबवलंत तरी चालेल. त्यांचं 'बरं' रेकॉर्डवर येऊ द्या. अठराखालच्या मुलांशी बोलायचं तर पालक आणि शाळा दोघांची परवानगी. सौंदत्तीला यल्लम्माच्या जत्रेत जाऊन देवदासींवर प्रकल्प करायची हौस दरवर्षी कुणाला तरी येते. देवदासी सोडण्यावर कायद्याने बंदी आहे, त्यामुळे तिथे कुणाचं बोलणं कुणावर खटला होऊन उलटेल सांगता येत नाही. पहिल्या प्रकल्पासाठी ते क्षेत्र नको, असं माझं स्पष्ट मत आहे.

नाव बदललं म्हणजे ओळख लपली असंही नाही. चारशे घरांच्या गावात 'निवृत्त पोस्टमन' एकच असतो. त्याला 'निवृत्त सरकारी नोकर' करा, गावालाही नाव देऊ नका.

वेळ बघून जा. जुलैत खानापुरात भाताच्या लावणीला माणसं कमरेएवढी वाकलेली असतात, तेव्हा मुलाखत मागणं हा उद्धटपणा आहे. 1 नोव्हेंबर आणि 17 जानेवारीचा सीमालढ्याचा हुतात्मा दिन यांच्या मागचेपुढचे दिवस, आणि बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात हिवाळी अधिवेशन चालू असतानाचे दिवस, शक्यतो टाळा. तेव्हा प्रत्येक जण पत्रकाराशी बोलल्यासारखा बोलतो.

एकाने दुसऱ्याकडे, दुसऱ्याने तिसऱ्याकडे पाठवलं की मुलाखती भराभर होतात, पण बारा मुलाखती संपल्यावर कळतं की बाराही जण एकाच भावकीतले. म्हणून साखळ्या तीन वेगळ्या ठिकाणांहून सुरू करा: एक मंदिरापाशी, एक मशिदीच्या गल्लीत, एक नव्या प्लॉटवाल्यांत.

घरी आल्यावर

त्याच रात्री रेकॉर्डिंगची दुसरी प्रत करा. आवाजावरून आपोआप लिहून देणारी ॲप आपल्या बोलीला दाद देत नाहीत, त्यामुळे हातानेच उतरवावं लागेल. एका तासाच्या बोलण्याला पाच-सहा तास धरा. म्हणजे बारा मुलाखती हे महिन्याभराचं काम आहे, शेवटच्या आठवड्याचं नाही. बोललेलं शुद्ध करू नका. 'करालाय' चं 'करत आहे' केलंत की पुरावा गेला.

अहवाल इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये द्यावा लागत असेल तर उद्धरणं मूळ मराठीत ठेवा आणि खाली भाषांतर द्या. बारा जणांशी बोलून '58 टक्के लोकांचे मत' असं लिहू नका, 'बारापैकी सात जण' लिहा. प्रकरणांची मांडणी, तळटिपा यांसाठी विभागाचा नमुना पाळा, त्यात डोकं घालवू नका.

शेवटचं काम परीक्षेनंतरचं आहे. चार पानांचा सारांश मराठीत आणि कन्नडमध्ये काढा आणि ज्यांनी वेळ दिला त्यांच्या घरी नेऊन द्या. वाचता येत नसेल तर वाचून दाखवा. त्या विडीवाल्या आज्जीला मी माझा सारांश वाचून दाखवला तेव्हा ती मधेच थांबवून म्हणाली, 'इतक्या वेळात हजार कुठल्या होतायत? पहिलं हात चालायचा म्हणून तसं सांगितलं तुला. आता दीड दिवस लागतोय, लिही.' आकडा मी पेनाने दुरुस्त केला, छापील प्रतीवर, समासात.